ह्यांच्या कॅमेऱ्याचा पट्टा

८ नोव्हेंबर १९९८

कॅमेरा पडला! इचलकरंजीत, बारशाच्या घरी, सगळ्या बायकांच्या देखत. लेन्स वाचली, कोपऱ्याला पोचा आला. घरी आल्यापासून ह्यांचं एकच — "पट्टा घसरतो."

पट्टा घसरत नाही. हात घसरतो. मला माहीत आहे, ह्यांनाही माहीत आहे.

१० नोव्हेंबर

राजारामपुरीत डॉक्टरांकडे पुन्हा. आज त्यांनी नाव सांगितलं — कंपवात. "गोळ्यांनी आटोक्यात राहील, आजी. जाणार मात्र नाही." आजी! मी विचारलं, फोटो काढता येतील का? डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "हळूहळू कमी करू या."

ह्यांनी जन्मभर दुसरं काही केलेलं नाही. लग्नं, बारशी, मुंजी, शाळेचे ग्रूप फोटो. शाहूपुरीतला स्टुडिओ म्हणजे एक काउंटर आणि मागे एक पडदा, पण सकाळी कुलूप काढताना ह्यांची पाठ कशी ताठ होते ते मी बघितलंय.

जिना उतरताना म्हणाले, "डॉक्टरला फोटोतलं काय कळतंय? पट्टा बारीक हाय. मानेला काचतो, म्हणून हात हलतो."

मुलींना शाळेत शिकवण्यात माझा जन्म गेला. चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसायची मला सवय नाही. आज बसले.

११ नोव्हेंबर

ठरलं. आजाराचं माझ्याच्यानं काही होणार नाही. पट्ट्याचं होईल.

१५ नोव्हेंबर

पोराला, वीरेशला, पुण्याला फोन केला. आजाराचं नाव सांगायचं नाही, अशी ह्यांनी शपथ घातली आहे, म्हणून फक्त मान दुखते म्हटलं.

"अव्वा, इथं भारीतले पट्टे मिळतात. रुंद, आत स्पंज. वजन कळतच नाही."

"पाठव."

"अप्पांना म्हणावं, आता बास करा की. किती दिवस लोकांची लग्नं बघायची?"

ते तू येऊन सांग म्हटलं. मग त्याला काहीतरी काम आठवलं.

२२ नोव्हेंबर

हंबीरराव आले होते. गडहिंग्लजकडचे, दुधाचा मोठा धंदा. माणूस दारात उभा राहिला की गल्लीच्या टोकाला आवाज जातो. ह्यांना ते फोटोअण्णा म्हणतात. स्वतःच्या लग्नाचा अल्बम अजून कापडात गुंडाळून ठेवलाय त्यांनी, ह्यांनीच काढलेला.

"फोटोअण्णा, मोनाचं लगीन धरलंय. एकवीस फेब्रुवारी. माझं फोटू तुम्ही काढलं, पोरीचं बी तुम्हीच काढायचं. दुसरा कोण आला तर मांडवात घेणार न्हाय!"

ह्यांनी डावा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. म्हणाले, "येतो की."

मी आत चहा गाळत होते. बाहेर जाऊन 'नाही' म्हणायला हवं होतं का? म्हटलं नाही.

२ डिसेंबर

वीरेशचा पट्टा आला. मऊ आहे खरा. गळ्यात घालून हे अंगणात फिरून आले. तोंडावर समाधान! मीही मनात म्हटलं, झालं, सुटलो.

५ डिसेंबर

कसलं सुटलो. स्पंज ताणतो. हे चालायला लागले की कॅमेरा छातीवर उड्या मारतो आणि दर उडीला गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीवर आपटतो. संध्याकाळी बघितलं तर चांदीला खळगा पडलेला. दीक्षेच्या वेळी ह्यांच्या वडिलांनी दिलेली डबी!

मी बोलले. बरंच बोलले. हे म्हणाले, "मग काय, लिंग काढून ठेवू?"

आम्हा लिंगायतांत लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. असलं बोलणं ह्या घरात कधी झालं नव्हतं.

९ डिसेंबर

आता पट्टा तिरका, शाळेच्या दप्तरासारखा. कॅमेरा कमरेशी. डबी सुरक्षित. पण डोळ्यापर्यंत आणायचा तर तेवढा उचलावा लागतो, आणि उचलताना हात वाटेतच ठरवतो कुठं जायचं ते. आज कॅमेरा चष्म्यावर लागला. काच गेली.

१४ डिसेंबर

ह्यांच्या थोरल्या बहीण, शांताक्का, संकेश्वराहून आल्या आहेत. मी चामड्याचा पट्टा करून घेतेय कळल्यावर चुलीजवळून ओरडल्या, "लिंगाजवळ चामडं? एवढी कॉलेज शिकलीस ती हेच शिकलीस व्हय गं?"

कॅमेऱ्याचं जुनं कव्हर चामड्याचंच होतं. तेव्हा अक्का स्वतः पदर सावरून फोटोला उभ्या राहत होत्या. पण हे म्हणाले, "आणू दे की तिला. तिचं समाधान."

माझं समाधान!

२१ डिसेंबर

चपलांच्या गल्लीतून पट्टा आणला. मऊ कमावलेलं कातडं, रुंदी बरोबर, लांबी बरोबर, शिवण देखणी. घरी ह्यांनी गळ्यात घातला, कॅमेरा उचलला — करकर! खाली घेतला — करकर!

तशीच परत गेले. चप्पलवाला खूश. "मग! मुद्दाम काढलाय आवाज, बाई. न वाजणाऱ्याला काय कोल्हापुरी म्हणायचं? पावणं लांबनं वळखतील, फोटोवालं आलं म्हणून."

त्याला काय सांगू की ह्यांच्याकडे कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून मी धडपडतेय?

२७ डिसेंबर

तेल लावलं, पावडर लावली. करकर तशीच. आज एका साखरपुड्यात नवरामुलगा अंगठी घालायची सोडून आवाज कुठून येतोय ते बघत होता. घरी येऊन हे हसले. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी दोघं हसलो. मग रोल धुऊन आला. निम्मे फोटो हललेले.

४ जानेवारी १९९९

काही लिहावंसं वाटत नाही. गोळ्या वाढवल्या.

१० जानेवारी

आता मीच शिवणार. माझ्या जुन्या इरकलीचा काठ, आत दप्तराची जाड पट्टी, टोकांना दोन कड्या. माप माझ्याच अंगावर घेतलं. लिंग माझ्याही गळ्यात आहे, कुठं लागतं ते मला कोणी सांगायला नको. ह्यांचा कॅमेरा गळ्यात घालून आरशापुढे उभी राहिले. केवढं ओझं! एवढं घेऊन हा माणूस चाळीस उन्हाळे मांडवात उभा राहिला आणि मी त्याला सांगत होते की नुसतं उभंच तर राहायचं असतं.

१३ जानेवारी

शिवून झाला. खाली डाव्या बाजूला मनगट अडकवायला एक जादा पट्टी ठेवली. हे म्हणाले, "ही कशाला?" म्हटलं, घालून तर बघा.

मनगट त्यात घातलं, कोपर पोटाशी दाबलं, पट्टा मानेमागून ताठ ओढला. आणि हात थांबला! पुरता नाही, पण थांबला.

१७ जानेवारी

परसात माझा फोटो काढला. आज कागदावर आला. चष्म्याची काडीसुद्धा स्पष्ट! मी फार रागीट दिसते. तसं म्हटलं तर हे म्हणाले, "हुबेहूब आलाय."

हंबीररावांना पक्का निरोप — येतो.

२० फेब्रुवारी

उद्या लग्न. इस्त्री, रोल, बॅटऱ्या, गोळ्या. मीही बरोबर जाणार. फोटोवाल्याची बायको मांडवात काय करते? बॅग धरते.

२१ फेब्रुवारी

लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

हळदीपासून दुपारपर्यंत सगळं बरं होतं. पट्टा ताठ, कोपर पोटाशी. मी बॅग घेऊन मागे. एकदा वळून माझ्याकडे बघितलं देखील — झालं की नाही, अशा डोळ्यांनी.

अक्षतांच्या वेळी स्टुलावर चढले. गर्दीच्या वरून घ्यायचा तर हात उंच न्यायला हवे. हात उंच नेला की कोपर पोटाशी राहत नाही आणि पट्टा ढिला पडतो. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. परसात काय, मी एकटीच उभी होते!

हात सुटला. कॅमेरा हलायला लागला तसं उजवं बोट बटणावर नाचायला लागलं. फ्लॅश — फ्लॅश — फ्लॅश. नवरदेवाकडचा कोणीतरी ओरडला, "अवो पावणं, वीज चमकतीया व्हय? छत्र्या आणा रे!" मांडव हसला.

आणि मग हंबीरराव. मन चांगलं, आवाज तसला. "ए, गप बसा! भटजी, थांबा जरा. फोटोअण्णांना दम घेऊ द्या. त्यांचा फोटू झाल्याबिगर अक्षता टाकायच्या न्हाईत!"

मंगलाष्टकं थांबली. सगळा मांडव मुठीत अक्षता धरून ह्यांच्या हाताकडे बघत उभा राहिला. मोना मान वर करून बघत होती. मीही बघत होते. एवढी माणसं बघतायत म्हटल्यावर हात आणखीच.

मी तिथंच होते, दोन पावलांवर. काय करणार होते? स्टुलावर चढून हात धरणार होते?

ह्यांनी एक फोटो काढला. हात जोडले. उतरले.

२६ फेब्रुवारी

फोटो आले. हळदीचे चांगले. अक्षतांच्या फोटोत मोनाला तीन नाकं.

हंबीरराव न्यायला आले. हे खाली मान घालून म्हणाले, "हललेत." हंबीररावांनी एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला. "हलू देत की! लगीन म्हंजे कोण जागेवर असतंय? माझं बी त्या दिवशी पाय लटपटत हुतं, अण्णा, तुम्ही ते फोटोत न्हाय घेतलं एवढंच."

ते गेल्यावर ह्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला. पट्ट्यासकट. स्टुडिओचं कुलूप आज काढलं नाही.

४ मार्च

कुलूप अजून तसंच. मी विषय काढत नाही. काढून काय सांगू? आणखी एक पट्टा?

८ मार्च

सकाळी हे पूजेला बसले होते. मी भाकरी थापत होते. आतून आवाज आला. बारीक. वाटी पडल्यासारखा.

वाटी नव्हती. तळहातावरून लिंग पडलं.

मी दारात गेले तेव्हा हे जमिनीवर वाकून दोन्ही हातांनी ते उचलत होते आणि दोन्ही हातांतून ते पुन्हा निसटत होतं. मला म्हणाले, "तू जा." मी गेले.

९ मार्च

मठातले स्वामी येऊन गेले. लिंग उजेडात धरून बघितलं. "भंगलं न्हाय. काळजी नको. आता चौरंगावर ठेवून पूजा करा. शरीर थकलं तर शिवाला कळतं."

हे म्हणाले, "चौरंगावर ठेवायचं असतं तर देवळातच गेलो असतो की, स्वामी. आपलं तळहातावर असतंय म्हणून तर आपण."

स्वामी उठले. चहाही घेतला नाही.

१० मार्च

पूजा नाही म्हणून जेवण नाही. हा नेम ह्यांच्या आईनं मला ह्या घरात पहिल्या दिवशी सांगितला आणि मी तो कधी कोणाला मोडू दिला नाही, तापातसुद्धा. आता काय तोंडानं सांगू, मोडा म्हणून? तरी सांगितलं. ऐकत नाहीत.

उपाशीपोटी गोळी सोसत नाही, म्हणून गोळीही बंद. गोळी नाही म्हणून हात जास्त. हात जास्त म्हणून पूजा नाही. हे सगळं मला फळ्यावर लिहून दाखवता येईल. सोडवता येत नाही.

दुपारी म्हटलं, मी खालून माझा हात धरते.

"तुझं लिंग तुझ्या हातावर. माझं माझ्या."

वीरेशला फोन करून सगळं सांगितलं. आजाराचं नावसुद्धा. शपथ मोडली. पोरगा रडला. शनिवारी येतो म्हणाला.

११ मार्च

आजही नाही.

१२ मार्च

पूजेच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून बघितलं. माझा पट्टा कॅमेऱ्यापासून सोडवून गळ्यात घातलेला. डावं मनगट पट्टीत, कोपर पोटाशी, मानेमागून ताठ ओढलेला. तळहातावर लिंग. वरचं बेलाचं पान थरथरत होतं. लिंग बसून होतं.

भाकरी मोडताना एवढंच म्हणाले, "वीरेश आला की कॅमेरा त्याला देऊन टाक. पट्टा न्हाय द्यायचा."