गोदेचा गोटा आणि गंगापूरचे शेत

मी, बद्रीनाथ कडूबा वाघचौरे, वय चोपन्न, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, यकृत नासले असले तरी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडून, कोणाच्याही दडपणाविना व काहीशा आनंदाने हे मृत्युपत्र करीत आहे. मी अपत्यहीन विधुर असल्याने धाकटा बंधू सोमनाथ याने वारसपदाची आशा धरली आहे. ती येणेप्रमाणे निकालात काढतो.

एक. गंगापूरचे शेत. वाटणीत ते माझ्या हिश्श्यास आले; कसतो सोमनाथ. वाटणीच्याच वर्षी, ज्वारी हुरड्यात असताना, मी बांधावर उभा होतो. राखणीच्या माळ्यावरून त्याने गोफण फिरवली आणि माझा वामनेत्र अस्तंगत झाला. "पाखरू वाटलं, दादा!" असे तो म्हणाला. माझे तत्कालीन वजन पंच्याऐंशी किलो. एवढा विहंग मराठवाड्यात अन्यत्र आढळलेला नाही.

आमच्या काळ्या रानात पाखरांवर वाळल्या मातीचा गोळा मारतात. तो फुटतो, कणसे वाचतात, कापणीत विळ्याची धार जात नाही. माझ्या पायाशी पडलेला मात्र गोदेचा गुळगुळीत गोटा होता. नदी तिथून दोन कोस. गोटा चालत येत नाही, खिशातून येतो.

सबब सदर शेत, त्यातील राहत्या घरासह, सोमनाथाची कन्या राजनंदिनी हिला द्यावे. शहरातल्या छावणी भागातल्या मुलाशी स्वेच्छेने विवाह केला म्हणून त्याने तिला ज्या उंबऱ्यावरून परतवले, तो उंबराही आता तिचाच. इच्छा झाल्यास तिने पित्यास राखणदार नेमावे. डबा वाजवूनही पाखरे उडतात. गोफण देऊ नये.

दोन. माझा काचेचा डोळा, स्वच्छ धुऊन, सोमनाथास. खिशात बाळगावा. वाटोळ्या वस्तूंची त्या खिशास सवय आहे.

तीन. मातोश्री सरूबाई. त्या दिवशी ती खोपीपाशी होती. दवाखान्यात मात्र "तुरीच्या खुंटावर पडला" असे तिने सांगितले. लाभार्थी साक्षीदार नसावा, असा वकिलांचा आग्रह. म्हणून तिला काहीही न ठेवता साक्षीदार केले आहे. मसुदा वाचून दाखवला, तेव्हा झालेले बोलणे जसेच्या तसे नोंदवतो.

"लई वंगाळ लिवलंस, बद्री. भाऊ हाय तुझा."

"खोटं काय लिवलं, तेवढं सांग, माय."

ती म्हणाली, "मातीचे गोळे मीच वळून दिले व्हते त्याला. टोपलंभर. टोपलं तसंच भरलेलं व्हतं."

आणि अंगठा पुढे केला.

मृत्युपत्रकर्ता : बद्रीनाथ कडूबा वाघचौरे (सही)
साक्षीदार : १. सरूबाई कडूबा वाघचौरे (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. गोकुळ रंगनाथ साळवे, शेजारी (सही)
पडेगाव, ३ फेब्रुवारी २०२५