चौकटची सत्ती

आज रविवार, दिनांक १२ नोव्हेंबर २००६ रोजी, घोडेगाव, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे येथील माझ्या राहत्या घरी मी, श्रीमती प्रयाग दशरथ वाळुंज, वय ४७, नोकरी पंचायत समिती, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी मला लिहायला बसवलेले नाही, उलट तीन जणांनी नको म्हणून सांगितले. येत्या महिन्यात पुण्याला माझे एक ऑपरेशन व्हायचे आहे. डॉक्टर काळजीचे कारण नाही म्हणतात. पण मी मोजून खेळणारी बाई आहे. हातातली पाने आधी बघून घेतलेली बरी.

कलम १. माझे पती दशरथ १९८३ साली वारले. मला मूल नाही. त्यांच्या जागेवर मला नोकरी मिळाली आणि तिच्यावरच पुढचे सगळे उभे राहिले. खाली लिहिलेली मिळकत माझ्या कष्टाची आहे व तिच्यात इतर कोणाचा हिस्सा नाही.

कलम २. पिंपरी पेंढार येथील वडिलांच्या जमिनीतला माझा हक्क मी पूर्वीच भाऊ भरत याला सोडून दिला आहे. त्याबद्दल मनात काही नाही. भावजय लंकाबाई हिच्याबद्दल मात्र थोडे आहे, ते इथेच ठेवून जाते. १९९१ च्या दिवाळीत, मी पत्ते खेळते असे कळल्यावर, ती भरल्या ओसरीत म्हणाली, "वन्सं, इधवा बाईनं चार बाप्यांत बसून पत्तं कुटायचं? आमी लोकांना काय तोंड दाखवायचं?" चार नव्हते, तीन होते. पुढची तीन वर्षे मी दिवाळीला गेले नाही. नंतर माझ्या टायफॉइडमध्ये तीच पंधरा दिवस उशाशी बसली. तेव्हा माझी हिरवी इरकल तिला द्यावी. तिने ती नेसावी, पेटीत ठेवू नये.

कलम ३. घोडेगावातील दोन खोल्यांचे घर, पुढच्या पडवीसह, भाची संस्कृती भरत हिला द्यावे. ती सध्या अकरावीत आहे. ती सज्ञान होईपर्यंत भरतने सांभाळावे, भाड्याने देऊ नये. बुधवारी संध्याकाळी सहा ते नऊ पडवी मोकळी ठेवावी व आत टीव्ही लावू नये.

कलम ४. पडवीतले चौरस टेबल व चार खुर्च्या सामंत साहेबांना द्याव्यात. त्यांनीच आम्हाला ब्रिज शिकवला. ते पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. धरणाच्या कामावर आले आणि निवृत्तीनंतर हवा मानवली म्हणून इथेच राहिले. १९८९ साली त्यांना पत्त्यांसाठी आणखी तीन माणसे हवी होती आणि अख्ख्या गावात बरोबर तीनच मिळाली: शाळेतले बहिरू मास्तर, कापडवाले चांदमल शेठ, आणि आवक-जावक टेबलावरची मी. मला वाटले होते मेंढीकोटासारखे काही असेल. साहेब म्हणाले, "मेंढीकोटात नशीब खेळतं, बाई. इथे तुम्ही खेळायचं." आयुष्यात प्रथमच कोणी मला असे काही सांगत होते.

कलम ५. माझ्या चौदा वह्याही सामंत साहेबांनाच द्याव्यात. दर बुधवारचे डाव त्यांत उतरवले आहेत, जिंकलेले कमी, चुकलेले जास्त. पहिल्या वहीत नुसते 'हुकूम लवकर संपवला' असे आहे. पाचव्या वहीपासून चारी रंगांची मोजणी आहे. दिवसभर टपालावर शिक्के मारताना मी मनात तेरा तेरा पाने मोजायची. मास्तर म्हणत, ही बाई पत्ते खेळत नाही, खानेसुमारी करते. नवव्या वहीत २३ जानेवारी २००० च्या पानावर 'शेठ चुकले' एवढेच लिहिले आहे. ते खोटे आहे. खरे काय ते पुढच्या कलमात लिहिते.

कलम ६. हे कलम लिहायला मला पावणेसात वर्षे लागली.

चांदमल शेठ माझे भिडू. समोरासमोर बसून अकरा वर्षे खेळलो. ब्रिजमध्ये बोली जिंकणारा एकटा डाव खेळतो आणि त्याचा भिडू आपली तेरा पाने टेबलावर उघडी मांडतो. त्याला डमी म्हणतात. डमीने गप्प बसायचे असते. पान सुचवायचे नाही, तोंड वाकडे करायचे नाही. एकच गोष्ट विचारायची मुभा असते. भिडूने उतारीचा रंग दिला नाही, तर "हा रंग संपला का?" एवढे विचारता येते, कारण रंग हातात असून न देणे हा मोठा गुन्हा आहे. आमच्या जोडीत मी हे प्रत्येक वेळी विचारायची. शेठ बदाम आणि चौकट शेजारी लावत. दोन्ही लाल, त्यांची गफलत व्हायची. मी विचारले की ते पान मागे घेऊन हसत.

त्या दिवशी पुण्याच्या स्पर्धेत आम्ही शेवटच्या फेरीपर्यंत पोचलो होतो. जेवणाच्या सुट्टीत मी हात धुवायला गेले आणि मागून शेठचा आवाज ऐकला. कोणीतरी माझ्या खेळाची तारीफ केली होती. शेठ म्हणाले, "बाईला मीच घडवलं, राव. मी नसतो तर शिक्केच मारीत बसली असती."

ते खरे नव्हते. शिकवले साहेबांनी आणि घडवले माझे मी, तोवरच्या नऊ वह्यांत. पण हे मी तेव्हा शेठना म्हटले नाही. ताटावर जाऊन बसले आणि कढी मागून घेतली.

दुपारी शेवटचा डाव शेठ खेळत होते, मी डमी. हुकूम बदामचा. विरुद्ध जोडीतल्या एकाने चौकट टाकली आणि शेठनी बदामची दुरी मारून दस्त घेतला. चौकटची सत्ती अजून पडली नव्हती आणि माझ्या मोजणीत ती शेठकडेच येत होती. मोजणी नसती तरी विचारायचेच होते. प्रश्न जिभेवर आला. मी तो गिळला. अगदी शांत होते. मनात म्हटले, तुम्हीच घडवलंय ना मला, मग खेळा.

दोन दस्तांनंतर शेठच्या हातून चौकटची सत्ती पडली. पंच आले, आमचे दोन दस्त गेले, डाव गेला, स्पर्धा गेली. शेठ ते पान हातात धरून बघत राहिले. अनोळखी माणसाचे पत्र आल्यासारखे. मी विचारले नाही, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. एसटीत मंचरपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "बाई, माझं डोस्कं न्हाई ऱ्हायलं आता. तुमी दुसरा भिडू बघा." मी म्हणाले, "होतं असं, शेठ." माझी खरी चूक टेबलावरची नव्हे, ही.

तेव्हापासून ते बुधवारी आले नाहीत. दुकान पीयूषच्या, म्हणजे मुलाच्या, हाती दिले. त्यांच्या पत्नी पानबाई मला बाजारात भेटल्या तेव्हा सांगत होत्या, "कापड मोजायच्या गजाला हात लावत नाहीत. म्हणतात, मी कापड वाकडं फाडीन." चौसष्टाव्या वर्षी त्या माणसाने स्वतःला म्हातारा ठरवले, ते माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नावरून. आम्ही उरलेले तिघे पडवीत रमी खेळतो. ती तिघांनाही आवडत नाही.

कलम ७. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की माझ्यामागे कलम ६ शेठना वाचून दाखवावे आणि माझा चांगला, प्लॅस्टिकच्या पत्त्यांचा कॅट त्यांना द्यावा. काल रात्री मसुदा परत वाचला तेव्हा त्यातला लबाडपणा दिसला. माझ्यामागे त्यांना कळून काय उपयोग? भिडूच नसेल तर ते बसणार कोणासमोर? शिवाय त्यांचे सत्तरी ओलांडलेले वय पाहता ते आधीही जाऊ शकतात, आणि मग ही गोष्ट कायमची माझ्यापाशीच राहील.

म्हणून आज मी त्यांना साक्षीदार म्हणून बोलावले आहे. वकील म्हणाले की साक्षीदाराने फक्त माझी सही होताना पाहायची, आतला मजकूर वाचायची गरज नाही. मी तो वाचायला देणार आहे. वकील असेही म्हणाले की साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये. त्यामुळे शेठना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. कॅट टेबलावर ठेवला आहे. उचलायचा की नाही ते त्यांनी ठरवावे. ते वाचत असताना मी समोर बसेन, सफाई देणार नाही.

कलम ८. भविष्य निर्वाह निधी व पोस्टातील रक्कम संस्कृतीच्या शिक्षणासाठी आहे. तिने काय शिकावे हे तिने ठरवावे. मोजायला मात्र शिकावे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पुढे केलेच, तर कलम ६ त्यातही असेच राहील.

एवढे लिहून, वाचून, मान्य करून दोघा साक्षीदारांसमोर सही करते.

सही: प्रयाग दशरथ वाळुंज
ठिकाण: घोडेगाव

साक्षीदार १: बहिरू मास्तर, निवृत्त शिक्षक, घोडेगाव. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: चांदमल, कापड दुकानदार, घोडेगाव. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कलम ६ दोनदा वाचले. सत्ती माझ्याच हातात होती, हे पण लिहून ठेवावे. जेवताना जे बोललो ते बोलायला नको होते. कॅट घेतलेला नाही, टेबलावरच राहू द्यावा. बुधवारी सहा वाजता येतो. तुम्ही डमी असाल तेव्हा विचारत जा.