कच्च्या टाक्यांचा फोन

तीर्थस्वरूप मावशीस,

वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता येत नाही, मान आखडली आहे. कारण पुढे येईलच. तरी जेवढा वाकलो तेवढा मनापासून वाकलो असं समजावं.) काकांचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझा खोकला थांबला का, की अजून नको ते पाहुणे आले की सुरू होतो? आई बरी आहे. मीही बरा आहे, फक्त माझा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली आला आहे. आमचे शिंपी मास्तर म्हणतात, घाबरू नकोस, कॉलर थोडी तिरकी बसवली की लोकांना कळणार नाही.

तुला वाटेल, फोन करायचा सोडून हा पत्र का लिहीत बसलाय. तर फोन नाही म्हणून. म्हणजे फोन आहेत, चांगले तीन आहेत, पण त्यांतल्या एकावरूनही बोलता येत नाही. गोंधळू नकोस, सगळं क्रमाने सांगतो.

तुझ्या घरी तू जिच्याशी माझी ओळख करून दिलीस, त्या लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या मुलीपासून हे सुरू होतं. त्या दिवशी माझी काय अवस्था होती ते तू पाहिलंसच. (तिच्या वडिलांनी काम काय करता असं विचारलं आणि मी घाबरून ‘खिसे कापतो’ म्हणालो. तू लगेच ‘शर्टांचे, शर्टांचे, तो शिंप्याच्या दुकानात आहे’ असं ओरडली नसतीस तर त्यांनी मला दारापर्यंतही पोचू दिलं नसतं.) एवढं होऊनही तिने तुला होकार कळवला. मी मात्र विचार करायला वेळ मागितला. तुला तेव्हा राग आला, पण मावशी, मी चप्पल घ्यायला गेलो तरी आधी घरी जाऊन पायाकडे बघत बसतो, हे तुला माहीत आहे. नकार मनात कधीच नव्हता. होकार नीट तपासून, कडा दुमडून द्यावा एवढंच होतं.

मग तिचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. माझा जुना फोन लहान, त्यात काचेला तडा गेलेला. मला तिचं कपाळ आणि एक भुवई दिसायची, तिला माझा एक कान. (कान स्वच्छ होता, मी आधी पुसून घ्यायचो.) एक दिवस ती म्हणाली, “अहो, कानाशी लग्न लावतात का कुठे? एक बरा फोन घ्या आणि हो की नाही ते तोंड दाखवून सांगा. महिनाअखेरपर्यंत वाट बघते. आमच्या काकांनी एक दाताचा डॉक्टर बघून ठेवलाय. तो म्हणे बघतो आणि लगेच काढून मोकळा होतो.” डॉक्टरचं ऐकलं मात्र, मी त्याच दिवशी मास्तरांकडून सुट्टी घेऊन फोनच्या दुकानात गेलो.

तिथे टाय लावलेला एक विक्रेता होता. इतका नम्र, की त्याच्यापुढे मला आपलेच बूट अपमानास्पद वाटायला लागले. त्याने तीन फोन मांडले. लहान, मोठा आणि फार मोठा. मी लहान उचलला तर म्हणाला, सर, हा यंदाचा लहान आहे, गेल्या वर्षीच्या मोठ्यापेक्षा मोठा. मी म्हटलं, मग गेल्या वर्षीचा लहान दाखवा. तर म्हणे तो आता बनत नाही, लोकांचे हात वाढलेत. (मी घरी येऊन आईचा हात मोजला. होता तेवढाच आहे.) किमतीचंही तसंच. लहानापेक्षा मोठा थोडासाच महाग, मोठ्यापेक्षा फार मोठा थोडासाच महाग, आणि फार मोठ्यात जास्त फोटो मावणारा आणखी थोडासाच महाग. असं थोडं थोडं करत मी अशा ठिकाणी पोचलो की तिथून फ्रिज थोडासाच महाग होता. शिवाय त्याने हळूच सांगितलं, की दोन महिने थांबलात तर हेच उतरतील, पण तेव्हा नवे येतील आणि हे जुने दिसतील. मी विचारलं, मग नेमकं कधी घ्यावं? तो बिचारा टाय सैल करत म्हणाला, “सर, खरं सांगू? मी स्वतःच अजून थांबलोय.”

जुना फोन द्या आणि सूट घ्या, ही योजना त्याच दिवशी संपत होती. तो म्हणाला, जुना आत्ता देऊन ठेवा, नवा सावकाश ठरवा. मी दिला. आतल्या नंबरांचं काय, विचारलं, तर म्हणे सगळं वर साठवलेलं असतं, आणि बोट वर केलं. मी वर पाहिलं. तिथे पंखा होता. सिमकार्ड तेवढं परत मिळालं, ते मी सुयांच्या डबीत जपून ठेवलं आहे. तिचा नंबर पंख्याकडे गेला.

आमच्या दुकानात परतल्यावर मी मास्तरांना विचारलं, लहान घेऊ की मोठा. मास्तर चष्म्यावरून बघत राहिले. “ट्रायल घेतलीस?” म्हटलं, फोनची कसली ट्रायल, हातात धरून पाहिला. तर कात्री खाली ठेवून म्हणाले, “अरे, शर्टसुद्धा हातात धरून छानच दिसतो. अंगावर घातला की कळतं बगलेत काचतो ते. उद्या फोन काचला तर काय उसवणार आहेस?” तुला आमच्या दुकानाची पद्धत माहीत आहे. कच्च्या टाक्यांत शिवून, घालून, वाकून, बसून बघितल्याशिवाय मास्तर कापडाला पक्की शिलाई मारत नाहीत, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. त्यांनी मला परत पाठवून तिन्ही फोनांची मापं आणायला लावली. (विक्रेत्याने स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं.) मग पुठ्ठ्याला कॉलरीत घालतात ते कडक बक्रम चिकटवून, वर काळं अस्तर लावून, पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घालून त्यांनी तीन फोन शिवले. वजनासाठी आत पितळी बटणं भरली. फोन चालू-बंद करायच्या जागी शर्टाचं एक बटणही लावलं, आणि सांगितलं, एकेक अंगावर वागव, मग बोल.

आधी फार मोठा वागवला. तो खिशात जाईना, म्हणून मास्तरांनी खिसा वाढवला. खिसा वाढला तशी शर्टाची डावी बाजू ओढली जायला लागली, कॉलर गळ्यात रुतली आणि मान आखडली ती तिथेच. यावर मास्तरांनी तोल साधायला उजवीकडेही तेवढाच खिसा लावून त्यातही तसलाच फोन घालायचं ठरवलं. मी हात जोडले. मग लहान घेतला. तो इतका हलका की खिशात आहे हेच विसरायला होई. इस्त्री करताना तो कुठेतरी घसरला आणि एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या पँटबरोबर त्यांच्या घरी गेला. ते काही दिवसांनी परत घेऊन आले. म्हणाले, तुमच्यापैकी कोणाचा तरी फोन आलाय, चार्जिंग कुठून करायचं ते सापडलं नाही, पण फोन उत्तम आहे, माझ्या फोनसारखा सारखा वाजत नाही. आणि असाच एक मला मिळेल का, असं त्यांनी हळूच विचारलं.

मधला मात्र अंगाला बसला. खिशात नीट राहिला, हातात मावला, बसताना टोचला नाही. इतका बसला की मी कधीकधी तो कानाला लावायला लागलो. (हसू नकोस. तिला काय सांगायचं त्याची मी तालीम करत होतो, आणि नुसतं हवेत बोलताना लोक बघतात.) शेजारच्या चावीवाल्याने विचारलं, कोणतं मॉडेल? खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून म्हटलं, अजून बाजारात आलेलं नाही. तिथेच घात झाला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की बाजारात न आलेला फोन आमच्याकडे आहे. लोक आले, फोन बघितला, तो बक्रमचा आहे हे त्यांना कळलं, आणि मावशी, आश्चर्य म्हणजे कोणी परत गेलं नाही. प्रत्येकाच्या घरी लहान की मोठा, आत्ता की नंतर, यावरून भांडणं चालली होती. एक नवरा-बायको तर जेवायला वेगवेगळे बसत होते. सगळ्यांनाच आधी ट्रायल हवी होती.

आता आमच्याकडे शर्ट शिवणं जवळपास बंद आहे. मास्तर कानापासून हनुवटीपर्यंत माप घेतात, तळहात मोजतात, “फोन डाव्या कानाला की उजव्या?” विचारतात आणि ट्रायल पुढच्या आठवड्यात सांगतात. एक बाई फोनची ट्रायल घेऊन कमरेत थोडा सैल करा म्हणाल्या, आणि मास्तरांनी केला. परवा टायवाला तावातावाने आला. त्याच्या दुकानात शुकशुकाट. “अहो, लोक पुठ्ठे घेऊन फिरतायत! माझे फोन घेणार कोण?” मास्तरांनी शांतपणे त्याचा हात धरला, टेप लावला, आणि तुला मधलाच बसेल असं सांगितलं. तो खुर्चीवर बसला. उठला तो ऑर्डर देऊनच.

मी मात्र यात बुडालो आहे. महिना संपत आला. तिचा फोन माझ्या जुन्या नंबरावर येत असणार आणि सुयांच्या डबीत न वाजता पडत असणार. तिला वाटेल, मी तोंड लपवून बसलोय. मधला फोन बरा हे ठरलं, पण आता मला वेगळीच शंका आहे. लग्नानंतर ती कधी माझा फोन उचलणारच. तो तिच्या हाताला मोठा झाला तर? एवढं न बघता कसा घेऊ?

काकांना नमस्कार. जिना सावकाश चढायला सांग.

तुझा,
खांदा उतरलेला भाचा

ता. क. खरं कारण वर लिहायचा धीर झाला नाही, ते इथे लिहितो. मावशी, तू तिच्याकडे जाऊन, काहीतरी निमित्त काढून, तिच्या तळहाताचं माप घेशील का? अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, हात ताणून. तिला कळू देऊ नकोस. आणि निघताना सहज म्हण, की मुलगा विचारात आहे, पण विचार चांगल्या दिशेने चालला आहे. डॉक्टरला थोडं थांबवता आलं तर बघ.

दुसरा ता. क. तळहाताचं राहू दे. पत्र पाठवायचं राहिलं, कारण पाकीट मास्तरांनी कोणाच्या तरी फोनच्या कव्हराचा नमुना म्हणून कापलं. मी दुसरं आणायला उठणार, तोच मास्तर बाहेरून एका गिऱ्हाइकाच्या हाताचं माप सांगायला लागले. मी खाली मान घालून (वर होत नाही) ओरडलो, “मधला बसेल!” तर आवाज आला, “फोन बसेल हो, पण लोकांच्या गळ्यात अडकलेल्या होकाराला कुठली साईज लागते?” ती लॅबमधून तशीच आली होती, हातात नमुन्यांची पेटी, आणि कधीची रांगेत उभी होती. मान दुखत असतानाही मी वर पाहिलं. मावशी, तुझ्या घरी मी नुसती तिच्या वडिलांची कॉलर बघत होतो, आणि नंतर ती भुवईपुरतीच दिसली. आज अख्खी दिसली. रागावलेली होती, तरी.

तिने काउंटरवरचा एक बक्रमचा फोन उचलला, कानाला लावला आणि म्हणाली, “हॅलो, विचार करून झाला का?” मी खिशातला मधला काढला. समोरासमोर जे जमलं नसतं ते त्यात जमलं. मी म्हटलं, “हो.” ती म्हणाली, “आवाज तुटतोय.” मी जोरात म्हटलं, “हो! पहिल्या दिवसापासून हो!” ट्रायलसाठी बसलेला टायवाला म्हणाला, “आमच्या फोनवर इतकं स्वच्छ ऐकू येत नाही.” तिने तिच्या फोनवरचं शर्टाचं बटण दाबून कॉल संपवला, पेटी उचलली, आणि जाता जाता सांगितलं की दाताच्या डॉक्टरला ती आजच नाही म्हणून कळवते.

तिसरा ता. क. दारातून वळून ती आणखी एक गोष्ट म्हणाली. चेहरे बघायला आयुष्य पडलंय, फोन कुठलाही चालेल, फक्त वाजला पाहिजे. तेव्हा मावशी, काकांचा तो बटणांचा जुना फोन अजून कपाटात पडला असेल तर चार्जरसकट पाठवून दे. साईजचा आता काही आग्रह नाही. फक्त पाठवण्याआधी त्याची लांबी, रुंदी आणि जाडी टेपने मोजून कळव. मास्तर म्हणतात, तो येईपर्यंत त्याची एक ट्रायल शिवून ठेवू.