दगडांतले जंतू

रत्नागिरी,
७ फेब्रुवारी २०२६

ती. जानकीआत्या हिस,
कपिलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कान गेल्यापासून फोनला हात लावत नाहीस, पत्रात मात्र चार पानं ओरडतेस! माझं मत्स्यपालनाचं प्रशिक्षण मार्चपर्यंत चालेल. तोवर पळसदरीचं घर आणि घरातला माझा समुद्र तुझ्या हवाली.

माशांच्या टँकमधल्या दगडांवर हिरवी लव आली, पाणी वास मारतं, यंत्र बसवायचं सोडून मी घाण साठवली, असं तू लिहितेस. आत्या, फिल्टरचं यंत्र मी मुद्दामच घेतलं नाही. ते दगड आतून पोकळ-पोकळ असतात आणि त्यांत कोट्यवधी जंतू राहतात. माशांची घाण तेच खातात. वाळूच्या जाड थरातही तेच. उरलंसुरलं टँकखाली जोडलेल्या छोट्या टाकीतलं शेवाळ शोषून घेतं, गोगलगायी काच चाटतात. सगळा संसार आपला आपण चालतो, आपण फक्त लुडबूड करायची नाही.

तू एवढंच कर. जेवढं पाणी उडेल तेवढं साधं पाणी घाल. मीठ उडत नाही, ते घालू नकोस. वाळू ढवळू नकोस, दगड धुवू नकोस. पुढच्या दगडांवर तपकिरी-हिरवी बटणांसारखी फुलं आहेत ना, तीही जिवंत आहेत, त्यांना हात लावू नकोस. लव आपोआप जाईल.

पुढच्या रविवारी दर्शनाताई तिच्या छोटीला घेऊन शेलूहून येणार म्हणे. छोटीला मासे दाखव. माझ्यावर हवं तेवढं रागव, माया मात्र कमी करू नकोस.

तुझा,
कपिल


पळसदरी,
११ फेब्रुवारी २०२६

चि. कपिल यास,
जानकीआत्याचे अ. उ. आ. व जयभीम.

पत्र पोचलं आणि वाचून माझी झोप उडाली. कोट्यवधी जंतू! अरे, मी उभी हयात सरकारी दवाखान्यात मावशी म्हणून काढली. सुया, कात्र्या, चिमटे, सगळं माझ्या हातून उकळून जायचं. डॉक्टरीणबाई डोळे मिटून माझ्यावर भरवसा ठेवायच्या. आणि माझाच भाचा बाहेरच्या खोलीत जंतू पाळतो, वर मला कौतुकानं सांगतो! शेजारची गोदूबाई काल येऊन विचारून गेली की ही पेटी हाय का डबकं, तेच तिला कळत नाय. मी काय तोंड दाखवू?

ते हसण्यावारी नेलं असतं. पण दर्शनाचा निरोप आलाय, छोटीला आठवडाभर सर्दी-खोकला आहे, छाती भरली आहे. असलं लेकरू मी त्या जंतूंशेजारी झोपवू? मला नाही जमायचं.

तू धुवू नको म्हणालास, बरं, नाही धुणार. वाळूलाही बोट लावणार नाही. रविवारी पुढचे ते बटणांचे दगड तेवढे काढते, मोठ्या पातेल्यात खळखळा उकळते आणि गार करून जागच्या जागी ठेवते. मासे तुझे सुखरूप राहतील. शिवाय खाऱ्या पाण्याची वाफ छातीला चांगली. छोटीलाही त्याच पातेल्यावर वाफारा देईन. तुझं उत्तर येईस्तोवर रविवार उलटेल, म्हणून विचारत नाही, कळवते आहे.

वेळेवर जेवत जा. म्हातारीचा लोभ आहेच, तूही ठेव.

तुझी,
जानकीआत्या


रत्नागिरी,
१३ फेब्रुवारी २०२६

ती. जानकीआत्या हिस,
कपिलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र अजून नाही, म्हणजे राग आलेला दिसतो. तरी लिहायला बसलो, कारण आज वर्गात ऐकलेलं काही डोक्यातून जात नाही.

आमच्या सरांनी एका घराची हकिकत सांगितली. त्या माणसानं असाच बटणांचा दगड स्वच्छ व्हावा म्हणून उकळला. त्या बटणांमध्ये जहर असतं. उकळून ते मरत नाही, उलट वाफेबरोबर घरभर पसरतं. आधी तोंडाला पितळेसारखी चव येते, मग हातपाय जड होतात, ताप भरतो, श्वास पुरत नाही. घरातली सगळी माणसं दवाखान्यात गेली. मोठी कशीबशी वाचली, असं सर म्हणाले. लहानांचं त्यांनी सांगितलं नाही, आणि आमच्यापैकी कुणाला विचारवलं नाही.

मागच्या पत्रात मी नुसतं हात लावू नको म्हटलं. तू घाबरशील म्हणून कारण लिहिलं नव्हतं. आता लिहितो. दगड खरवडू नकोस, तापवू नकोस. तुला एकदा धुवू नको म्हटलं की तू धुणार नाहीस, हे मला ठाऊक आहे, म्हणून फोनाफोनी करून गोदूबाईंना घोर लावत नाही. हे पत्र सोमवारपर्यंत मिळेल. ताई मुक्कामाला असेल, तिलाही वाचायला दे.

जिवाला जप. मला तुझ्याशिवाय ओरडणारं दुसरं कोण आहे?

तुझा,
कपिल


पळसदरी,
१५ फेब्रुवारी २०२६, रविवार

चि. कपिल यास,
जानकीआत्याचे अ. उ. आ. व जयभीम.

काम फत्ते झालं. आज सगळीकडे भाताच्या शेतांत पालापाचोळ्याचे राब भाजायला घेतलेत, धूर नुसता घरात शिरत होता. म्हणून खिडक्या-दारं लावूनच पातेलं चढवलं. तुझी ती बटणं पाण्यात विरघळून गेली, दगड बघ कसे लख्ख निघालेत. घरभर समुद्राचा वास सुटलाय. कोट्यवधी होते ते सगळे संपले असतील. बाकीचे दगड पुढच्या खेपेला.

पेशंटला काही द्यायचं तर आधी स्वतः बघायचं, ही माझी जुनी सवय. म्हणून डोक्यावर टॉवेल घेऊन आधी मीच वाफ घेतली. तेव्हापासून तोंडात पितळेचं भांडं चाटल्यासारखी चव आहे, चहानंही गेली नाही. हात जड झालेत म्हणून अक्षर वाकडं येतंय, समजून घे. थोडा दमही लागतो. राबाचा धूर मला कधीच सोसला नाही, आणि आता वयही झालं.

दर्शना आताच आली. छोटी वाळली आहे रे, खोकून खोकून तिच्या डोळ्यांत पाणी येतं. बघून जीव कळवळला. पण माझ्या मांडीवर बसली की ती ऐकते. पातेलं परत चुलीवर ठेवलंय. पोरीला बरं वाटलं की तुझ्याशी भांडण मिटवीन, तोवर लोभ राहू दे.

तुझी,
जानकीआत्या

ता. क. दर्शना म्हणते आधी चहा घेऊ. मी म्हटलं, चहा कुठे पळतोय, वाफ चांगली धरली आहे तोवर पोरीला घेऊ दे.