डाव्या हाताले पाह्य

प्रिय अक्का,

तू पळून जाऊन लग्न केलंस आणि धुळ्याला राहायला गेलीस, तेव्हापासून आपल्या घरात तुझं नाव निघत नाही. म्हणून आधी फुटबॉलचं सांगते. जळगावच्या आमच्या कॉलेजची मुलींची टीम या सीझनला चक्क फायनलला गेली, आणि फायनल निघाली नेमकी धुळ्यात. मी गोलकीपर.

धुळ्याचं पब्लिक त्यांच्या पोरींसाठी अहिराणीत ओरडत होतं, नुसतं "देख, देख!" तेवढ्यात माझ्या मागून, आपल्या सावद्याच्या बोलीत आवाज आला, "डाव्या हाताले पाह्य व!" धुळ्यात 'पाह्य' कोण म्हणतं गं? मी चेंडू सोडून मागे वळले, आणि गोल डावीकडूनच झाला. त्या एका गोलनं आम्ही हरलो. सर ओरडले, "लक्ष कुठे होतं?" गर्दीत तुला शोधलं, पण तू निघून गेली होतीस. थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

घरी आले तर आबा केळीच्या बागेत होते. "गोल कसा खाल्ला?"

"मागून कोणीतरी 'पाह्य' म्हटलं."

आबा वाकून ठिबकची चांगली नळी उगाच नीट करत बसले. मग हळूच म्हणाले, "बारीक झाली का व?"

मी उत्तर दिलं नाही. हे पत्रही पोस्टात टाकत नाही. आबांनीच ते घेऊन धुळ्याला यावं आणि पाहावं.

तुझ्यामुळे गोल खाल्लेली,
मोहिनी