मागच्या खोलीसाठी एकशे ऐंशी युनिट

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात तो घालता येणार नाही, पण कागदावर घालायला हरकत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? पाकिटावर माझं अक्षर पाहून तुम्हाला भलतीच शंका आली असेल, म्हणून आधीच सांगून टाकतो की इथे सगळे जिवंत आहेत आणि दोघांचीही जेवणं व्यवस्थित चालू आहेत.

दोन वर्षं आपलं बोलणं नाही. त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि तुमच्या कृपेनं तुमच्या निम्म्या गल्लीला माहीत आहे असं कानावर येतं. तुम्ही डोक्याला साबण लावून न्हाणीघरात होतात आणि मी बाहेरून गिझरचं बटण बंद केलं. बावीस मिनिटं झाली होती, दादा. (घड्याळ माझ्या हातात होतं.) दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तुम्ही गेलात ते गेलातच. ही मला त्याबद्दल एका शब्दानं बोलत नाही. एरवी ती किती बोलते हे तुम्ही लहानपणापासून जाणता, तेव्हा हे न बोलणं किती जड जात असेल याची कल्पना करा. फक्त दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मागच्या खोलीतल्या पलंगावरची चादर बदलते. त्या खोलीत तुमच्यानंतर कोणी झोपलेलं नाही. माहेरचं म्हणून तिला आता तुम्ही एकटेच उरलात, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

असो. पत्राला कारण असं काहीच नाही, नुसती खुशाली कळवावी म्हटलं. आणि त्या ओघात इथे काय काय घडलं तेही.

सरकारनं घरोघरी वीज वाचावी म्हणून अनुदान काढलं आहे. छताखाली ऊब धरून ठेवणारा थर घालायचा, खिडक्यांना दुहेरी काचा बसवायच्या, दारांच्या फटींना रबरी पट्ट्या लावायच्या आणि निम्म्याहून जास्त भार सरकारनं उचलायचा. शेजारच्या चष्मेवाल्यांनी हे सगळं करून घेतलं. तेव्हापासून ते भर थंडीत नुसत्या बनियनवर बसतात, आणि तेही मुद्दाम खिडकीशी, आम्हाला दिसावं म्हणून. आमच्या मागच्या खोलीची दशा तुम्हाला वेगळी सांगायला नको, तुम्ही तिथे कानटोपी घालून झोपायचात. चष्मेवाल्यांचं बनियन बघून ही एकदा एवढंच म्हणाली की ती खोली तेवढी ऊबदार झाली तर बरं होईल. कोणासाठी, ते म्हणाली नाही. मी दुसऱ्याच दिवशी अर्ज आणायला गेलो.

आता त्या कार्यालयाची गंमत ऐका. दारावर पाटी ‘वीज बचत कक्ष’, आणि आत भर दुपारी अकरा ट्यूबलाइट चालू. खिडकीतून इतकं ऊन येत होतं की खिडकीजवळचा कारकून डोळ्यांवर फाइल आडवी धरून बसला होता. मी एकतीस वर्षं शाळेत भांडारपाल होतो. जुना तुकडा झिजलेला दाखवल्याशिवाय मी कोणाला नवा खडू दिलेला नाही. माझ्यानं बघवेना. रांगेत उभ्या उभ्या माझा हात भिंतीवरच्या बोर्डाकडे गेला आणि मी चार बटणं बंद केली. (पाच करणार होतो, पण म्हटलं पहिलीच भेट आहे.) त्यातलं चौथं बटण दिव्यांचं नव्हतं. सगळे कॉम्प्युटर एकदम गप्प झाले, कोणीतरी लाइट गेली म्हणालं, आणि बघता बघता अख्खं कार्यालय चहाला गेलं. मी केलं म्हणून सांगायची सोय राहिली नाही. मूग गिळून सव्वा तास बाकावर बसलो, शेवटी कोणी बघत नाही असं पाहून सगळी बटणं पुन्हा चालू केली, तेव्हा कुठे मंडळी परतली. फायलीवाल्या कारकुनानं माझ्याकडे बघून आज लाइट लवकर आली असं समाधान व्यक्त केलं, आणि अर्ज हातात ठेवला. एकोणीस पानी अर्ज, तोही एका बाजूला छापलेला.

अर्ज भरल्यावर महिन्याभरानं घर तपासायला एक बाई आल्या. वयानं आपल्या मुलीसारख्या, पण बोलण्यात एकदम ठाम. त्यांनी पुढच्या दारात भलामोठा पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर ओढायला सुरुवात केली, म्हणजे कुठल्या फटीतून वारा आत येतो ते कळतं. दादा, त्या पंख्यानं माझी अब्रू काढली. मी वर्षानुवर्षं फटीफटीत जे बोळे कोंबून ठेवले होते ते एकेक करून बाहेर पडायला लागले. माझे जुने मोजे निघाले, हिची एक ओढणी निघाली (ती बारा वर्षांपूर्वी दोरीवरून वाऱ्यानं उडून गेली असं मी सांगितलं होतं), आणि मागच्या खोलीच्या खिडकीतून तुमचा तो तपकिरी मफलर निघाला, जो तुम्ही प्रवासात हरवला असं समजता. बाईंकडे एक कॅमेरा होता, त्यात गरम जागा लाल दिसते आणि थंड जागा निळी. मागची खोली शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी निळी दिसली. ही हातात ओढणी घेऊन उभी होती, ती लालभडक दिसली. जिवंत माणसं अशीच दिसतात असं बाई म्हणाल्या, पण मला खात्री नाही.

घर इतकं गळकं त्यांनी तीन वर्षांत पाहिलेलं नव्हतं, म्हणजे आम्ही पहिल्या नंबरानं पास झालो होतो. मी खुशीत चहा टाकायला सांगितला. तेवढ्यात त्यांनी विजेची बिलं मागितली आणि बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. दोन महिन्यांचे एकसष्ट युनिट. त्यांनी अगदी हळुवारपणे विचारलं की आपण इथे राहता ना? मग म्हणाल्या की कुलूप लावलेल्या घराचंसुद्धा बिल याहून जास्त येतं. मला वाटलं कौतुक चाललंय, म्हणून मी संकोचानं मान खाली घातली. पण दोन दिवसांनी मीटर तपासायला माणूस हजर, चोरीच्या संशयानं! आयुष्यभर एक दिवा फुकट जाऊ दिला नाही, आणि माझ्या दारात वीजचोरीची चौकशी. तो माणूस स्टूल टाकून तासभर मीटरसमोर बसला. आकडा हलेना. शेवटी हिलाच त्याची दया आली आणि तिनं त्याला घरभर फिरवून माझी पद्धत समजावून सांगितली. जाताना त्यानं हिला हात जोडून नमस्कार केला. मला केला नाही.

बाईंनी मग नियम सांगितला. अनुदान बचतीवर मिळतं. आधी वापर दिसला पाहिजे, तर मग तो कमी झालेला दाखवता येतो. दोन महिन्यांच्या एका बिलात निदान एकशे ऐंशी युनिट हवेत. त्या मला म्हणाल्या, “काका, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही आधी थोडी उधळपट्टी शिका.”

शिकलो हो, मनापासून शिकायला बसलो. रिकाम्या खोलीत पंखा लावला, पण तो फुकट फिरतोय हे सहन होईना म्हणून त्याच्याखाली जाऊन बसलो आणि आठवडाभर नाक गळत राहिलं. दिवसा दिवा लावला, तर पाणी प्यायला उठताना हात आपसूक बटणावर. ही म्हणाली, हात खिशात घालून फिरा. तसा फिरलो, तर खांद्यानं बंद केला. इस्त्री तापवली, आणि तापली आहे तर वाया कशाला घालवायची म्हणून शर्ट, उशांचे अभ्रे, रुमाल, शेवटी फरशी पुसायचं फडकंसुद्धा कडक घडीचं करून ठेवलं. हिनं गिझर तासभर चालू ठेवायचं ठरवलं, तेव्हा मी चष्मेवाल्यांकडे जाऊन बसलो, पण तिथूनही मला तो ऐकू येतोय असं वाटत राहिलं. इतका घाम गाळून दोन महिन्यांचं बिल आलं, ते अडुसष्ट युनिट. सात युनिटांसाठी माझं तीन किलो वजन उतरलं.

तर अशी इथली खुशाली. मागायचं असं काही नाही. प्रकृतीला जपा, गुडघ्याला गरम पाण्याचा शेक घेत जा. (तुमच्याच घरी, तुमच्याच गिझरवर.) वहिनींना नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. एक विचारायचं राहिलं. बिल आल्यावर हिनं त्यावरचा आकडा दोनदा वाचला. मग म्हणाली, “दादा असता तर पंधरा दिवसांत झालं असतं,” आणि लगेच उठून कपडे वाळत घालायला गेली. मला वाटतं, ती चेष्टा करत होती, पण परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. दादा, हिशेब तिचा चोख आहे. तुम्हाला दिवा चालू ठेवून झोप लागते, पंखा लावून वर रजई घेता, बातम्या दुसऱ्या खोलीतून ऐकता आणि टीव्ही तिसऱ्या खोलीत चालू असतो. तुमच्याइतका योग्य माणूस साऱ्या नात्यात नाही. तेव्हा कृपा करून दोन महिने मुक्कामाला या. आंघोळ कितीही वेळ करा, मी तेवढा वेळ बाजारात जाईन. मी एक अक्षर बोलणार नाही, हे लेखी देतो.

ता. क. दुसरा. येताना गुडघा शेकायचं ते विजेचं यंत्र आणा, आणि दाढीचं पण. मफलर आणायची गरज नाही, तो इथे धुऊन ठेवला आहे.

ता. क. तिसरा. वरचं सगळं लिहून आज सहा दिवस झाले. पाकीट खिशातच राहिलं, टपालपेटीपर्यंत दोनदा जाऊन परत आलो. आज सकाळी कार्यालयात चौकशीला गेलो. कारकून म्हणाला की निधी संपला, योजना बंद झाली, पुन्हा निघेल की नाही ते त्यालाही माहीत नाही. म्हणजे आता एकशे ऐंशी युनिटांचं काम उरलं नाही, आणि तुम्हाला बोलवायला माझ्याजवळ सबबही उरली नाही. पत्र फाडणार होतो. फाडवेना.

दादा, आयुष्यात मी कोणाची माफी मागितलेली नाही, त्यामुळे तिचा अर्ज कसा भरतात ते मला ठाऊक नाही. चूक माझी होती. तुमची नाही, त्या बावीस मिनिटांची नाही, माझी. खोली थंडच असेल, त्याला काही इलाज नाही, पण तुम्ही या. मी हे लिहिलंय ते हिला ठाऊक नाही. कळवू नका, फोनही करू नका. सकाळच्या गाडीनं या आणि सरळ बेल वाजवा. मी मागच्या खोलीत बसून राहीन, दार तिलाच उघडू दे.