चौसष्ट जीबीचा पुरावा

९ जुलै, सायंकाळ
आज धुऱ्यावर तिलकशी भांडण झालं. तिलक माझा चुलतभाऊ, त्याची धानाची बांधी माझ्या बांधीला लागून, मधे धुऱ्याचा बांध. म्हणे, मी धुरा कोरून राहिलो. मी सरळ करत होतो. आधी त्याने मारलं, मग मी. फावड्याचा दांडा तुटला. त्याचा जबडा फुटला. दोन दात चिखलात पडले, रोवणीच्या बायांनी शोधले, एकच सापडला. माझ्या अंगठ्याला चार टाके. तिलकला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं.
मी रागीट माणूस नाही.

१० जुलै
पोलीस ठाण्यातून निरोप. पंधरा तारखेला पुरावा घेऊन या. माझ्याकडे पुराव्यांचा ढीग. दोन वर्षांची सगळी भांडणं बायकोने, ओमेश्वरीने, माझ्या फोनवर शूट केलेली. चौदा व्हिडिओ. कालचा तर बावीस मिनिटांचा.
पण फोनची काच फुटलेली (होळीला तिलकच्या दारावर फेकला होता). साळा प्रफुल त्याचा जुना आयफोन देऊन गेला. सगळं त्यात टाकायचं ठरवलं. साहेबांपुढे आयफोनचं वजन पडतं. ओमेश्वरीने विचारलं, असं कोण म्हणते. म्हटलं, सगळेच.

११ जुलै
दोन्ही फोन जोडले. नवा, म्हणजे प्रफुलचा, म्हणतो, जागा पुरत नाही. जुन्यात ११८ जीबी भरलेले. नवा चौसष्टचा, त्यातलेही सतरा तो स्वतःच खाऊन बसलेला. खुर्चीला लाथ मारली. खुर्चीचा पाय मोडला. बाकी शांत होतो.

१२ जुलै
दिवसभर डिलीट. योगेश्वरीचा शाळेतला नाच गेला. पोरगी आता नववीत आहे, नाच काय पुन्हा करेल. सासूबाईंचे व्हॉइस मेसेजही उडवले. त्या जाऊन वर्ष झालं, तेव्हा नवीन काही सांगणार नव्हत्या. ओमेश्वरी ते रोज ऐकायची हे मला माहीत नव्हतं. जेवली नाही. मी समजावलं की न्यायासाठी घरातल्या प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागतं. तिने भाताचं गंज माझ्या दिशेने फेकलं. नेम चुकला. या घरात राग कोणाला येतो, ते लिहून ठेवतो.

१३ जुलै
तीन तास ट्रान्सफर चालला. ९१ टक्क्यांवर बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. जुना फोन पाट्यावर ठेवला आणि वरवंट्याने सात-आठ वेळा हाणला. आता तो त्रास देणार नाही.
मग नवा उघडून पाहिला. एकच व्हिडिओ आला होता, बावीस मिनिटांचा. बाकीचे तेरा गेले. त्यांत तिलकने मला मारलेलं होतं, विहिरीवर एकदा तर विळाही उगारला होता. पण सर्वांत लांब तोच राहिला, म्हणजे देव माझ्या बाजूने आहे.
ओमेश्वरी म्हणाली, "एकदा पाहून तं घ्या."
मी म्हटलं, "मी तिथं हजर होतो. पाहाचं काय आहे त्यात?"

१४ जुलै
इस्त्रीचा शर्ट काढला. उद्या तिलकच्या बापाने माफी मागितली तर मोठ्या मनाने देईन.

१५ जुलै
ठाण्यात जमादारांनी व्हिडिओ कॉम्प्युटरवर लावला. मीच म्हटलं होतं, मोठा करून पाहा.
पहिल्या मिनिटात तिलक हात मागे बांधून उभा. म्हणतो, "दादा, पटवाऱ्याले बोलवू, मोजून घेऊ." मग माझं फावडं. जमादारांनी थांबवून ते पुन्हा पाहिलं. त्यानंतर मी मारतो, दम घेतो, मारतो. अंगठा माझाच दांडा तुटताना कापला. मागून ओमेश्वरीचा आवाज, "सोडा त्याले, सोडा ना." मला त्या दिवशी ऐकू आला नव्हता. आज मोजला. अकरा वेळा.
जमादारांनी विचारलं, "टिकाराम, हा व्हिडिओ तुम्ही स्वतःहून आणला?"
म्हटलं, हो.
आणखी कुठले व्हिडिओ आहेत का, विचारलं. जागा नव्हती म्हणालो.

१६ जुलै
गुन्हा माझ्यावर लागला. फोन जप्त. पंचनाम्यावर टाके पडलेल्या अंगठ्याने पेन धरून सही केली.
तिलकला दोन महिने चावता येणार नाही. सकाळी ओमेश्वरीने पेज शिजवली, डबा भरला आणि दवाखान्यात घेऊन गेली. योगेश्वरीही सोबत गेली. मी चप्पल घातली होती. मला या म्हणून कोणी म्हटलं नाही.